डोम लावला आणि मासा अंधुक झाला: सपाट काच, गोल काच आणि पाणी

प्रश्न गोव्यातल्या बोगमाळ्याच्या एका तरुणाचा आहे. आधी तो थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. त्यांनी जुन्या डीएसएलआरसाठी घरीच ॲक्रिलिकची पेटी बनवली. पुढे ८ मिलिमीटर जाडीची सपाट खिडकी, आत कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स. ग्रँड आयलंडजवळ पाण्यात उतरले तेव्हा चित्र मधोमध बरे आले, पण झूम केल्यासारखे आवळलेले. कोपरे ओढल्यासारखे आणि कडांना तांबडी-निळी किनार. कोणीतरी सांगितले, डोम लाव, म्हणजे घुमटासारखी गोल काच. त्यांनी ऑनलाइन १५ सेंटिमीटर व्यासाचा डोम मागवून बसवला, आणि आता कोपरे राहू द्या, काहीच शार्प येत नाही. गढूळ पाण्यात ऑटोफोकस मागेपुढे भटकतो म्हणून फोकस रिंग इन्फिनिटीला, म्हणजे अनंत अंतरावर, आणून त्यावर टेप मारली होती, असेही ते लिहितात. ‘डोम नकली निघाला का, परत करू का?’ हा त्यांचा प्रश्न. आणि त्याला जोडून दुसरा: गोव्याच्या समुद्रात सपाट बरे की गोल?

डोम परत करू नका. तो बहुतेक ठीकच आहे, घोटाळा टेपचा आहे. पण नुसते ‘टेप काढा’ म्हणून भागणार नाही. पुढच्या डाइव्हला दुसरेच काही बिघडेल आणि पुन्हा काच बदलावीशी वाटेल. पाण्याखाली फोटो काढणे आणि लोकांची हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेट्या, दुरुस्त करणे हा माझा धंदा आहे. त्यात हे नेहमी दिसते: माणसे काचेचा ब्रँड आणि कोटिंग यांवर पैसे घालतात आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते. हाऊसिंगमधला कॅमेरा खुद्द माशावर फोकस करत नसतो. पाणी संपून हवा सुरू होते त्या सीमेवर प्रकाश वाकतो आणि त्यामुळे माशाची एक आभासी प्रतिमा पाण्यात कुठेतरी तयार होते. लेन्स पाहते ती ही प्रतिमा. ती किती अंतरावर आहे आणि लेन्सला किती मोठ्या कोनात दिसते, एवढ्या दोन गोष्टी काढता आल्या की सपाट खिडकी काय करते आणि डोम काय करतो ते आपोआप कळते.

आधी सपाट खिडकी पाहू. आपल्याकडच्या चिऱ्याच्या विहिरीत सरळ खाली पाहिले तर चार मीटर पाणी तीन मीटर भासते. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) १.३३, हवेचा १. तळाच्या खड्यापासून निघालेला किरण पाण्यातून हवेत येताना स्तंभिकेपासून, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेपासून, दूर वाकतो. असे दोन-चार किरण डोळ्यात शिरले की डोळा ते सरळ मागे वाढवतो, आणि ते खऱ्या खड्याच्या वर, पाऊण खोलीवर मिळतात. खिडकीसमोरही हेच घडते, फक्त आडवे. एक मीटरवरचा मासा ७५ सेंटिमीटरवर भासतो.

इथे अनेकांचा गैरसमज होतो. सपाट पृष्ठभागाने तयार केलेली माशाची प्रतिमा माशाहून मोठी नसते, माशाएवढीच असते. पण तेवढाच मासा पाऊण अंतरावर आल्यामुळे लेन्सला तो सुमारे एक-तृतीयांश मोठ्या कोनात दिसतो. म्हणून तुमचे चित्र झूम केल्यासारखे आले. मास्क लावलेल्या डाइव्हरने ‘एवढा मोठा मासा पाहिला’ म्हणून हात पसरले की त्यातला एक-चतुर्थांश खुशाल वजा करावा. तो खोटे बोलत नाही, त्याच्या मास्कची काच सपाट आहे.

आता खिडकीच्या काचेचे. ती ॲक्रिलिकची आहे की महागड्या ऑप्टिकल काचेची, याने वरच्या हिशोबात काहीच बदलत नाही. पाणी ते काच आणि काच ते हवा अशी दोन वळणे होतात, पण काचेच्या दोन्ही बाजू समांतर असल्यामुळे तिचा अपवर्तनांक मधल्यामधे बाद होतो. शेवटचा कोन ठरतो तो पाणी आणि हवा यांच्यावरच. तुमच्या ८ मिलिमीटर ॲक्रिलिकने मासा जेमतेम अडीच मिलिमीटर आणखी जवळ भासेल, बस. सपाट पोर्टला (पोर्ट म्हणजे पेटीची पुढची खिडकी) चांगली काच लावली म्हणजे कोपरे सुधारतील असे कोणी सांगितले तर पैसे वाचवा. काचेत लाटा असतील, ती नीट घासलेली नसेल, तर गोष्ट वेगळी.

मग कोपरे बिघडतात कशाने? पाऊण अंतराचा नियम फक्त समोरून, जवळपास काटकोनात येणाऱ्या किरणांना लागू आहे. तिरक्या किरणांना नाही. तुमची लेन्स १८ला ठेवली की हवेत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ७६ अंश पाहते, म्हणजे मध्यापासून ३८. लेन्सकडे ३८ अंशांनी येणारा किरण पाण्यात असताना साडेसत्तावीस अंशांवर होता. म्हणजे तुमचे ७६ अंश पाण्यात ५५ झाले. वाईड अँगल म्हणून जे विकत घेतले त्यातला मोठा वाटा खिडकीनेच खाल्ला. आणि कितीही वाईड लेन्स आणा, सपाट काचेमागून ९७ अंशांच्या पलीकडे दिसणे शक्यच नाही, कारण पाणी आणि हवा यांचा क्रांतिक कोन, ज्याच्या पलीकडे पाण्यातला किरण हवेत येऊच शकत नाही, ४८.६ अंश आहे आणि दोन्ही बाजू मिळून त्याचे ९७ होतात. पाण्याखालून वर पाहिले की सगळे आकाश एका गोल खिडकीत मावलेले दिसते, तोही हाच कोन.

अंतराचेही तसेच. या तिरक्या दिशेने पाहिले तर खिडकीपासून एक मीटर खोलवरचा बिंदू एका ठिकाणी भासतच नाही. एका दिशेच्या किरणांना तो ६७ सेंटिमीटरवर वाटतो, त्याला आडव्या दिशेच्या किरणांना ५३ वर. मध्यभागी ७५, कोपऱ्यात ६७ आणि ५३. एवढ्या सगळ्यांवर एकाच वेळी फोकस करणे साध्या लेन्सला जमणार नाही. म्हणून कोपऱ्यात प्रवाळावरचा ठिपका ठिपका राहत नाही, त्याचा फराटा होतो. देवळाच्या तळीच्या काठावर बसून पलीकडच्या काठाकडे पाहिले तर सपाट तळ दूरवर उथळ होत वर आल्यासारखा दिसतो. तोही हाच प्रकार, आणि लहान मुलांच्या बाबतीत जरा धोक्याचा.

राहिली रंगांची किनार. पाण्याचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशाला सुमारे १.३३१ आणि निळ्याला १.३३७. सरळ येणारा किरण वळतच नाही, त्यामुळे मधोमध रंग फुटत नाहीत. पण ३८ अंशांवर तांबडे आणि निळे यांच्यात सुमारे ०.२ अंशाचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण १८ मिलिमीटर लेन्समागच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर ती वीस-पंचवीस पिक्सेलची रंगीत पट्टी होते. सॉफ्टवेअरने ती बरीचशी काढता येते. फराटे मात्र काढता येत नाहीत.

यावरून सपाट पोर्ट टाकाऊ ठरवू नका. हे सगळे दोष कोनाबरोबर वाढतात आणि अरुंद कोनात जवळजवळ नाहीसे होतात. तुमचीच लेन्स ५५ला न्या. कर्णाचा कोन २९ अंशांवर येतो, कोपरे चांगले राहतात, आणि वर ते एक-तृतीयांशाचे मोठेपण फुकट मिळते. खडकावरची समुद्री गोगलगाय, छोटा खेकडा, कोलंबी टिपायची असेल तर मी अजूनही सपाट पोर्टच लावतो.

आता डोम. सपाट पृष्ठभागाच्या सगळ्या स्तंभिका एकमेकींना समांतर असतात. डोमच्या सगळ्या स्तंभिका त्याच्या वक्रता केंद्रातून जातात. फरक एवढाच, पण त्याने सगळे पालटते. जो किरण केंद्राकडे रोख धरून येतो तो पृष्ठभागाला काटकोनात भेटतो आणि न वळता आत जातो, मग तो समोरून येवो की बाजूने. लेन्स जिथून जग पाहते ते ठिकाण बरोबर केंद्रावर असेल तर चित्राच्या प्रत्येक बिंदूचा मुख्य किरण असाच सरळ येतो. कोन आकसत नाही, तुमचे ७६ अंश ७६च राहतात, आणि वळणच नाही म्हटल्यावर कडांना किनारही नाही. डोम घ्यायचा तो यासाठी.

पण त्या मुख्य किरणाच्या शेजारचे किरण केंद्राकडे रोख धरून येत नाहीत. लांबच्या वस्तूकडून समांतर येणारे किरण घ्या. अक्षाच्या वरच्या बाजूला जो डोमवर आदळतो, त्याची स्तंभिका तिरकी आहे. पाण्यातून हवेत जाताना तो स्तंभिकेपासून दूर, म्हणजे अक्षापासून बाहेर वाकतो. खालचा खाली वाकतो. समांतर आलेले किरण फाकत जातात. पाण्यात बुडालेला डोम हे अंतर्वक्र भिंगासारखे काम करतो, दिसायला कितीही फुगीर असला तरी.

किती फाकतात ते बारावीच्या पुस्तकातल्या सूत्राने काढता येते: प्रतिमेच्या बाजूचा अपवर्तनांक भागिले प्रतिमेचे अंतर, वजा वस्तूच्या बाजूचा अपवर्तनांक भागिले वस्तूचे अंतर, बरोबर दोन अपवर्तनांकांचा फरक भागिले वक्रता त्रिज्या. अंतरे पृष्ठभागापासून मोजायची आणि प्रकाश जातो ती दिशा धन धरायची. शाळेत हे पाठ करून घेतात आणि परीक्षा झाली की मुले विसरतात, पण आपल्या या सगळ्या कारभाराला हे एक सूत्र पुरते. त्रिज्या अनंत धरली की उजवी बाजू शून्य होते आणि विहिरीचा पाऊण खोलीचा नियम निघतो. त्रिज्या डोमची घातली आणि वस्तू अनंत अंतरावर धरली की उत्तर येते: डोमपासून पाण्याच्या बाजूला, त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर. काच पातळ आहे असे धरून हा हिशोब आहे. जाड काचेने थोडे मागेपुढे होते, पण निष्कर्ष बदलावा इतके नाही.

तुमच्या डोमला लावून पाहा. व्यास १५, म्हणजे तो पूर्ण अर्धगोल असेल तर त्रिज्या ७.५ सेंटिमीटर. मग कितीही लांबची वस्तू डोमच्या पुढे साडेबावीस सेंटिमीटरवर येऊन उभी राहते. तीन मीटरवरचा मासा साडेवीसवर, एक मीटरवरचा सतरावर, अर्ध्या मीटरवरचा चौदावर, ३० सेंटिमीटरवरचा सव्वाअकरावर. म्हणजे ३० सेंटिमीटरपासून पुढचा सगळा समुद्र सव्वाअकरा सेंटिमीटर जाडीच्या एका पट्टीत कोंबला गेला. आणि तुमची लेन्स टेपच्या जोरावर इन्फिनिटीला बघत बसली आहे. त्या अंतरावर तिच्यासाठी काहीच नाही.

सपाट खिडकीमागे हीच टेप का चालली? तीन मीटरवरचा मासा तिथे सव्वादोन मीटरवर भासत होता. लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ ८ इतके लहान करून १८ मिलिमीटरची लेन्स इन्फिनिटीवर ठेवली तरी साधारण दोन मीटरपासून पुढचे चालून जाते. तुमचे नशिबाने निभावत होते.

प्रतिमा एवढी जवळ आली तर मासा राक्षसासारखा दिसायला हवा, असेही कोणाला वाटेल. तसे होत नाही. सपाट पृष्ठभागाची प्रतिमा जवळ येऊन माशाएवढीच राहते, डोमची जवळ येते तशी लहानही होते. एक मीटरवरच्या माशाची प्रतिमा मूळच्या ०.२३ पट असते. केंद्रापासून मोजले तर मासा १०७.५ सेंटिमीटरवर आणि प्रतिमा सुमारे २४.८ वर, हेही गुणोत्तर ०.२३ च. अंतर आणि आकार एकाच प्रमाणात घटले, म्हणून केंद्रावरून पाहणाऱ्या लेन्सला कोन हवेतल्याएवढाच दिसतो.

त्या सूत्राच्या उजव्या बाजूकडे, फरक भागिले त्रिज्या या भागाकडे, जरा थांबून पाहण्यासारखे आहे. वक्र पृष्ठभागाची ताकद नुसत्या वक्रतेत नसते, दोन्हीकडच्या माध्यमांतल्या फरकात असते. आपल्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा (कॉर्नियाचा) बाहेरचा पृष्ठभाग हवेत सुमारे ४८ डायॉप्टरचे (भिंगाची ताकद मोजायचे एकक) काम करतो. पाण्यात मास्कशिवाय डोळे उघडले की पडद्याचा १.३७६ आणि पाण्याचा १.३३ यांच्यात फरकच फारसा उरत नाही, ताकद पाच-सहा डायॉप्टरवर येते आणि सगळे धूसर होते. माशांना हे परवडणारे नाही, म्हणून त्यांचे सगळे काम आतले भिंग करते आणि ते जवळपास गोल गोटीसारखे असते. बांगड्याच्या हुमणात डोळ्यातून जी पांढरी कडक गोळी निघते, ती तीच. डोमवरचे बारीक ओरखडे पाण्यात गेल्यावर दिसेनासे होतात, त्याचेही कारण हेच: ॲक्रिलिकचा १.४९ आणि ओरखड्यात भरलेल्या पाण्याचा १.३३ यांतला फरक हवेतल्यापेक्षा खूपच कमी. म्हणून ॲक्रिलिकच्या डोमला ओरखडा पडला की घाबरून फेकायचा नसतो. अर्ध्या पाण्यात, अर्ध्या हवेतल्या फोटोत मात्र वरच्या भागात तो दिसतो.

आता तुमचे काम. टेप काढा. पेटीत शटरचा दांडा अर्धा दाबता येत असेल तर ऑटोफोकसच वापरा, मधला एकच बिंदू निवडा आणि तो माशाच्या कडेवर किंवा डोळ्यावर, जिथे काळे-पांढरे स्पष्ट आहे तिथे धरा. तरीही भटकत असेल तर टेपची कल्पना वाईट नाही, फक्त तिची जागा पाण्यात ठरवा. म्हणजे असे: घरच्या टाकीत किंवा स्विमिंग पूलमध्ये डोम पूर्ण बुडवा, एक मीटरवर एखादी अक्षरे लिहिलेली पाटी ठेवा, ऑटोफोकसने ती पकडा. मग पेटी बाहेर काढून, कोरडी करून, रिंगला हात न लावता मॅन्युअलवर टाका आणि तिथेच टेप मारा. एफ ८ किंवा ११ला जवळचे-लांबचे बरेच त्यात सामावते.

जवळ किती जाता येईल हे लेन्सवर अवलंबून आहे. अशा १८-५५ लेन्स बहुधा २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतात, आणि हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, लेन्सच्या टोकापासून नाही. तुमच्या डोममध्ये सेन्सर केंद्राच्या नऊएक सेंटिमीटर मागे असेल असे धरले तर डोमपासून सुमारे अठरा सेंटिमीटरवरचा मासा पकडता येईल, त्याहून जवळचा नाही. याच कारणाने तळहाताएवढे छोटे डोम स्वस्त दिसले तरी अशा लेन्सना त्रास देतात. त्रिज्या ४ सेंटिमीटर म्हणजे अनंतसुद्धा डोमपुढे १२ सेंटिमीटरवर, लेन्सच्या मर्यादेच्या अगदी काठावर. तिथे क्लोज-अप फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायचे जवळचे दाखवणारे भिंग, लावावा लागतो. तुमच्या डोमलाही +३ किंवा +४ चा फिल्टर लावता येईल, पण फिल्टरची जागा लेन्सच्या टोकाला असते आणि दोन-चार सेंटिमीटरच्या फरकाने हिशोब हलतो, म्हणून तो कागदावर ठरवू नका, टाकीत ठरवा.

दुसरी गोष्ट, जी तुम्ही लिहिलेली नाही: डोम किती उंच आहे? बाजारातले बरेच डोम पूर्ण अर्धगोल नसतात, मोठ्या गोलाचा कापलेला तुकडा असतात. तसे असेल तर त्रिज्या व्यासाच्या निम्मी नसते. तोंडाची रुंदी आणि मधली उंची मोजा. रुंदीचा वर्ग भागिले उंचीच्या आठपट, अधिक निम्मी उंची, ही त्रिज्या. रुंदी १५ आणि उंची ५ असेल तर त्रिज्या ८.१ सेंटिमीटर येते, आणि केंद्र डोमच्या बैठकीच्या ३.१ सेंटिमीटर मागे, पेटीच्या आत पडते. रुंदी आणि उंची दोन्ही आतून मोजा किंवा दोन्ही बाहेरून, मिसळ करू नका.

ते केंद्र कुठे आहे याला महत्त्व आहे, कारण लेन्स जिथून पाहते तो बिंदू तिथे यायला हवा. तो बिंदू कॅमेऱ्याच्या अंगावर कुठे छापलेला नसतो. लेन्समध्ये समोरून पाहिले की ॲपर्चरचे छिद्र जिथे भासते ती जागा. गंमत अशी की तीही लेन्सच्या पुढच्या भिंगांनी दाखवलेली आभासी प्रतिमाच. ती शोधायची माझी पद्धत साधी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पुढेमागे सरकेल असा बसवा. समोर खिडकीचा उभा गज आणि त्याच्या मागे लांबचा माड एका रेषेत धरा. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. गज आणि माड एकमेकांपासून सरकले तर कॅमेरा मागेपुढे करा. फिरवूनही ते एकत्र राहिले की फिरण्याचा अक्ष त्या बिंदूखाली आला. झूम बदलला की हा बिंदू सरकतो, म्हणून १८ला वापरणार असाल तर १८लाच मोजा. मग पेटी आणि डोम यांच्यामध्ये तेवढ्या लांबीची एक्स्टेन्शन रिंग करून घ्या. पाच-सहा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. चार सेंटिमीटर झाले तर डोमच्या कडेचे किरण पुन्हा तिरके पडतात आणि सपाट खिडकीचे सगळे रोग परत येतात, शिवाय रिंगची सावलीही कोपऱ्यात येऊ शकते.

सगळे जुळवूनही डोममागचे कोपरे थोडे मऊ येतील, त्याची तयारी ठेवा. डोमने तयार केलेली लांबच्या जगाची प्रतिमा सपाट पडद्यावर नसते, ती केंद्राभोवती चौपट त्रिज्येच्या गोलावर असते. तुमच्या बाबतीत सगळीकडे ३० सेंटिमीटर. पण लेन्स मध्ये ३० वर फोकस करते तेव्हा कोपऱ्याच्या दिशेने तिला ३८ वरचे शार्प दिसते. प्रतिमा आठ सेंटिमीटर अलीकडे राहते. यावर हाताशी असलेले उपाय दोन: ॲपर्चर बंद करत जाणे, किंवा मोठा डोम. मोठे डोम महाग असतात ते यासाठी, आणि पाण्यात वर तरंगू पाहतात, मनगट दुखते, तेही खरे. तिसरा मार्ग म्हणजे लेन्सच पाण्यासाठी बनवणे. १९६३ पासून विकल्या गेलेल्या, पाण्याखाली चालणाऱ्या निकोनॉस कॅमेऱ्याच्या काही लेन्स अशा होत्या, त्यांचा पुढचा काच-पृष्ठभाग थेट पाण्याला भिडायचा आणि पाणी हे हिशोबात धरलेले असायचे. त्या हवेत वापरताच यायच्या नाहीत. तुमच्या बजेटमध्ये हा विषय सोडून देऊ.

अर्धे पाणी, अर्धी हवा असा फोटो काढायचा मोह डोम आल्यावर प्रत्येकालाच होतो. पावसाळ्यानंतर एखाद्या व्हाळाचे पाणी निवळले की मीही काढतो. तिथे लक्षात ठेवा, डोमच्या वरच्या अर्ध्यापुढे हवाच आहे, दोन्हीकडे अपवर्तनांक एकच, त्यामुळे तो भाग जवळपास काहीच करत नाही. काठावरचे झाड दहा मीटरवर असेल तर ते दहा मीटरवरच आहे. खालचे दगड मात्र वीस सेंटिमीटरवर. फोकस पाण्यातल्या भागावर करा आणि एफ ११ ते १६ ठेवा. सपाट खिडकीतून हाच फोटो काढला तर पाण्यात उभ्या माणसाचे पाय धडापेक्षा एक-तृतीयांश रुंद येतात, हसू येते पण उपयोग नाही.

आता गोव्याचे. इथे उत्तर पाण्यावर आणि तुम्हाला काय टिपायचे आहे त्यावर अवलंबून आहे. जूनपासून पावसाचे चार महिने समुद्र बंदच धरा. ऑक्टोबरपासून मे पर्यंतसुद्धा ग्रँड आयलंडच्या आसपास पाणी अंदमानसारखे निवळशंख नसते, काही मीटरांपलीकडे हिरवट धुके. अशा पाण्यात लेन्स आणि मासा यांच्यामधले पाणी कमी करणे हाच एकमेव इलाज आहे, आणि जवळ जाऊनही पूर्ण मासा किंवा बुडालेल्या जहाजाचा भाग चौकटीत बसवायचा तर वाईड कोन लागतो. म्हणून मोठ्या विषयांना डोम. इथे एक विसंगती लोकांना खटकते: डोम लावल्यावर मासा सपाट खिडकीपेक्षा लहान दिसतो, म्हणजे तोटा झाला असे वाटते. तो लहान दिसतो म्हणूनच तुम्ही आणखी जवळ जाता, आणि मधल्या गढूळ पाण्याचा थर पातळ होतो. सपाट खिडकीने मासा जवळ भासतो, पण पाणी तेवढेच मध्ये राहते. भासणाऱ्या अंतराने धुके कमी होत नाही.

एका दिवशी दोन्ही पोर्ट बोटीवर न्यायचे आणि दोन डाइव्हच्या मध्ये बदलायचे, असा बेत करत असाल तर करू नका. खाऱ्या हवेत, ओल्या हातांनी, हलत्या बोटीवर ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) उघडली की केस किंवा वाळूचा कण अडकतोच. सकाळी पाणी पाहून एक ठरवा. पाणी फारच खराब असेल तर सपाट खिडकी, लेन्स ५५ला, आणि खडकाला चिकटून छोटे जीव शोधा. डोमची उंची मोजून कळवलीत आणि १८ला तो पाहण्याचा बिंदू लेन्सच्या बैठकीपासून किती पुढे येतो ते सांगितलेत, तर रिंग किती लांब करायची ते काढून देतो.